पांढरे ठिपके गेले, म्हणजे रोग गेला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसानं घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळावेत, हे आमच्या शेजाऱ्यांना आजवर पटलेलं नाही. "समोर एवढा समुद्र पडलाय मास्तर, त्यात मासे काय कमी आहेत?" हा पहिला प्रश्न. आणि दुसरा प्रश्न मिरकरवाड्यातल्या एका तांडेलाचा, "पाळून करायचं काय? कालवण तर होत नाही!" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. मुलांची सहल झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात न्यायचो. हे केंद्र १९५८ सालापासून आपल्या गावात आहे, १९७२ नंतर ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. देवमाशाच्या सांगाड्यापुढे मुलं "बाप रे" म्हणून थबकायची आणि मी मात्र काचेमागच्या रंगीत माशांपुढे उभा राहून सहलीची वेळ चुकवायचो. तिथून हे वेड लागलं आणि अजून गेलेलं नाही.

आज बोलायचं आहे ते त्या माशांच्या आजारांबद्दल, विशेषतः परजीवींबद्दल, आणि नवा मासा आणला की त्याला काही आठवडे वेगळं ठेवायचं असतं त्याबद्दल. हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी शिकलो ते नऊ मासे मारून.

२००६ सालची गोष्ट. गणेशचतुर्थी त्या वर्षी २७ ऑगस्टला होती. माझ्याकडे तीनशे लिटरची टाकी होती आणि तिच्यात दहा मासे. त्यांतले दोन क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, सहा वर्षं माझ्याकडे होते. बाकीचे बहुतेक आपल्याच कातळकिनाऱ्यावरच्या डबक्यांतले. ओहोटीला खडकांत पाणी अडून राहतं, त्यात बोटाएवढे पट्टेवाले मासे सापडतात, दगडाला चिकटून बसणारे सापडतात. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या एका मित्रानं माझ्यासाठी एक फुलपाखरू मासा आणला. कोकण रेल्वेत रात्रभर मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून आणला बिचाऱ्यानं. पिवळाधमक, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला, बघत राहावा असा. दोन दिवसांवर गणपती आलेले, घर पाहुण्यांनी भरणार. म्हटलं, पाहुण्यांना दिसायला हवा. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, पाण्याचं तापमान जुळलं आणि सोडला त्याला. तारीख २५ ऑगस्ट.

सगळ्यांनी कौतुक केलं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या परांवर चार-पाच पांढरे ठिपके दिसले, मिठाचे दाणे चिकटावेत तसे. मधूनच तो दगडाला अंग घासायचा. मला जरा शंका आली. पण गणपती गेले त्याच सुमारास ठिपकेही गेले. मासा खायला लागला. मी घरात सांगितलं, "बघा, प्रवासाचा शीण होता, आपोआप बरा झाला."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी टाकीचा दिवा लावला तर सगळ्या माशांच्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखे ठिपके. दहा-वीस नव्हे, मोजता येणार नाहीत इतके. कल्ले भराभर हलत होते, काही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. मी घाबरून जे जे करू नये ते सगळं केलं. पाणी बदललं, दिवा बंद केला, कुणी सांगितलं म्हणून खाण्याला लसूण चोळली, एका आतेबहिणीनं हळद सुचवली, तीही घातली. फुलपाखरू मासा आधी गेला. मग रोज एक, कधी दोन. पितृपंधरवडा सुरू झाला तेव्हा टाकीत चार उरले होते, १२ सप्टेंबरला दोनच. क्लाउनफिशच्या जोडीतला धाकटा नर आणि दगडाला चिकटून बसणारा एक.

मेलेला एक मासा बर्फात घालून मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात घेऊन गेलो. तिथल्या एका प्राध्यापकांनी कल्ल्याचा छोटा तुकडा काचपट्टीवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला सांगितलं. कल्ल्याच्या लाल पडद्यामध्ये करडे गोल जीव सावकाश गरगर फिरत होते. "हे कातडीच्या आत बसलेले असतात," ते म्हणाले, "वरून काही ओतलं तरी यांना लागत नाही." मग त्यांनी विचारलं, "ठिपके मध्ये एकदा गेले होते का?" मी हो म्हटलं. "तेव्हा तुम्ही खूश झालात." मी पुन्हा हो म्हटलं.

श्रोतेहो, मी तीस वर्षं मुलांना हिवतापाच्या जंतूचं जीवनचक्र फळ्यावर काढून दाखवलं. डास, माणूस, यकृत, तांबड्या पेशी, पुन्हा डास. बाणांसकट. ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं समजू नका, हे वाक्य दरवर्षी म्हटलं. आणि स्वतःच्या टाकीपुढे उभा राहिलो तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. ते मला माशांच्या मरणापेक्षा जास्त लागलं, खरं सांगायचं तर.

या रोगाच्या जंतूचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. एकाच पेशीचा जीव, अंगभर केसांसारखे तंतू असलेला. त्याचं चक्र समजून घेतलं की बाकी सगळं आपोआप कळतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माशाच्या अंगावर जो पांढरा ठिपका दिसतो तो या जंतूचा जेवणाचा काळ. तो कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशी खातो. तीन ते सात दिवस खाऊन तो गलेलठ्ठ होतो आणि मग आपण होऊन माशाला सोडून देतो, बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात. हाच तो दिवस, ज्या दिवशी आपल्याला वाटतं की मासा बरा झाला. खाली उतरलेला जंतू काही तास तळाशी सरपटतो, दगडाला, वाळूला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात तो दुभंगत जातो, एकाचे दोन, दोनाचे चार. एका कवचातून दोनशेपर्यंत, कधी त्याहून अधिक पिल्लं निघतात. आणि ती कधी निघतील याचा नेम नाही. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, बरीचशी आठवडाभरात, काही चार आठवडे घेतात. प्रयोगशाळेत नोंदलेला सर्वांत लांबचा काळ ७२ दिवसांचा आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र घाई असते. त्याला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, आणि पहिल्या काही तासांनंतरच त्याचा जोर ओसरू लागतो.

आता हिशेब करा. माझ्या फुलपाखरू माशावर पाच ठिपके होते. पाच कवचांतून हजार पिल्लं. दहा माशांमध्ये हजार. त्यांतली निम्मी फुकट गेली असं धरलं, तरी पुढच्या फेरीला किती, हे मुलांनी वहीत करून बघावं.

मग समुद्रातले मासे का मरत नाहीत, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. हा जंतू समुद्रातूनच आलेला आहे आणि तिथेही तो माशांवर असतोच, पण एखाददुसरा. माशावरून उतरलेला जंतू तळाला जातो, तो फुटेपर्यंत मासा मैलभर दूर गेलेला असतो. भरती-ओहोटी पाणी हलवून टाकते. हजार पिल्लांतल्या एकाला मासा सापडला तरी खूप. टाकीत मासा जातो कुठे? चार फूट लांबीच्या काचेच्या पेटीत तो रात्री त्याच दगडाशेजारी झोपतो, ज्या दगडावर कवच चिकटलेलं असतं. हीच गोष्ट पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीलाही लागू आहे. जिताड्यासारखे मासे पिंजऱ्यात पाळतात तेव्हा पिंजरा उथळ, शांत पाण्यात असला आणि त्याचा तळ जमिनीजवळ आला की हा रोग धुमाकूळ घालतो. खोल आणि वाहत्या पाण्यात पिंजरा नेला तर जंतू खाली पडून वाहून जातात. माझं नुकसान नऊ माशांचं झालं, तिथे माणसाचं कर्ज अडकलेलं असतं.

उरलेल्या दोन माशांचं काय करायचं? प्राध्यापकांनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की मला आधी तो पटेना. औषध नाही. फक्त घर बदलायचं. दर तीन दिवसांनी मासा नव्या, स्वच्छ पाण्याच्या, कोरड्या केलेल्या भांड्यात हलवायचा, असं एकूण चार वेळा. पहिल्या भांड्यात असताना जे जंतू माशावरून उतरतील ते त्या भांड्याच्या तळाशी कवच करतील. कवच लवकरात लवकर फुटायला तीन दिवस लागतात, त्याआधीच मासा दुसऱ्या भांड्यात गेलेला असतो. एका जंतूला माशावर जास्तीत जास्त आठवडाभर राहता येतं. बारा दिवसांत माशावरचे सगळे खाली उतरतात आणि नव्यांना मासा सापडत नाही. शेवटच्या भांड्यात पोचतो तो मोकळा मासा. मात्र तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, सोमवारी सकाळी हलवला तर गुरुवारी सकाळी. "आज गुरुवारचं मार्गी लागलं नाही, शुक्रवारी बघू" म्हटलं की सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः.

भांडी म्हणून मी मिरकरवाड्यातून थर्माकोलचे दोन खोके आणले, मासळी बर्फात घालून पाठवतात ते. एकात मासे आणि दुसरा वाळत. इथे कोकणी माणसाची एक गंमत झाली. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं, भांडं पूर्ण कोरडं करा, म्हणजे कवचं मरतात. बरोबर आहे, कोरडं पडलं की ती मरतात. पण सप्टेंबरात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे थर्माकोल कुठून वाळणार? शेवटी नळ्या, जाळी, खोका सगळं पुसून शंभर वॅटच्या दिव्याखाली ठेवायचो. घरातल्यांनी त्याला बाळंतिणीची खोली असं नाव दिलं होतं. दोन्ही मासे वाचले. क्लाउनफिशची आणखी एक गंमत सांगतो. हे मासे जन्मतः नर असतात, जोडीतली मोठी मादी गेली की उरलेला नर हळूहळू मादी होतो. माझा धाकटा पुढे तशीच मादी झाला आणि नव्या जोडीदारावर पूर्वीच्या मालकिणीइतकीच दादागिरी करू लागला.

टाकीचं काय करायचं? मासे नसलेली टाकी तशीच चालू ठेवायची. शंखवाले खेकडे, कोळंबी, गोगलगायी राहिल्या तरी चालतं, हा जंतू त्यांच्या अंगावर जगत नाही. फक्त मासा एकही नको. कवचं फुटत राहतात, पिल्लं बाहेर येतात आणि उपाशी मरतात. मी १५ सप्टेंबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ७६ दिवस, रिकाम्या टाकीला दिवा लावत बसलो. ७२ दिवस हा सर्वांत लांबचा काळ, त्यावर चार दिवस मनाच्या समाधानाचे. आपल्याकडच्या उबदार पाण्यात सहा आठवडे पुरतात असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण माझा त्या "बहुतेक वेळा"वर विश्वास राहिला नव्हता. दिवाळीला आलेले लोक विचारायचे, "मासे दिसत नाहीत?" मी म्हणायचो, "उपास आहे."

औषधांबद्दल बोलायलाच हवं, कारण दुकानात गेल्यावर पहिल्यांदा तीच पुढे येतात. या रोगावरचं जुनं, खात्रीचं औषध तांबं. आपल्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको, सुपारीवरच्या कोळेरोगाला आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो. तेच मोरचूद. पण प्रमाण बघा. बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद. माशाच्या टाकीत तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवायचं असतं, म्हणजे शंभर लिटरला मोरचूद एक ग्रॅमचा दहावा भागही नाही, जेमतेम ८० मिलिग्रॅम. बागेतल्या फवाऱ्यापेक्षा बारा हजार पटीनं पातळ. याच्या खाली गेलं तर जंतू मरत नाही, वर गेलं तर मासा मरतो. ते निदान दोन आठवडे, शक्यतो चार, रोज मोजून सांभाळायचं. मोजायचा संच हाताशी नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आणखी एक. बोर्डो मिश्रणात चुना का घालतात? चुना मोरचुदाला बांधून ठेवतो, त्याची धग कमी करतो, पानं जळत नाहीत. टाकीत आपण हौसेनं ठेवलेले शंख, शिंपले, प्रवाळाची वाळू हे सगळं चुन्याचंच. तेही तांबं असंच धरून ठेवतात. सकाळी मोजून घातलेलं तांबं संध्याकाळी गायब, म्हणून माणूस आणखी घालतो, आणि मग कधीतरी पाण्याचा आम्लपणा बदलला की दगड ते तांबं एकदम सोडून देतात. कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना तर तांबं विषच. म्हणून तांबं मुख्य टाकीत कधीच घालायचं नाही. वेगळ्या, मोकळ्या, वाळू-दगड नसलेल्या टाकीतच ते चालतं.

दुसरा उपाय आहे मीठ कमी करण्याचा. आपल्या समुद्राचं पाणी हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार असलेलं. माशाच्या रक्तातला खारेपणा त्याच्या साधारण एक-तृतीयांश. म्हणजे समुद्रातला मासा आयुष्यभर आपल्यापेक्षा जास्त खाऱ्या पाण्याशी झगडत असतो. पाणी हळूहळू पातळ करत दोन दिवसांत १२-१३ भागांवर आणलं तर माशाला उलट आरामच वाटतो, आणि जंतूच्या कवचात पाणी शिरून तो फुगून मरतो. तीन-चार आठवडे हे प्रमाण राखावं लागतं. पुन्हा खारं करताना मात्र आठवडाभर घ्यायचा, घाई माशाला सोसत नाही. हे वाचल्यावर मला भाट्याची खाडी आठवली. पावसाळ्यात काजळी नदीला पूर आला की खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि बोयांसारखे मासे ते मजेत सोसतात. निसर्ग हा उपचार तिथे दरवर्षी करतोच आहे. पण हाही उपाय अचूक नाही. कमी खाऱ्या पाण्यात टिकणारे क्रिप्टोकॅरिऑनचे काही वाण सापडलेले आहेत. शिवाय पाण्याचा खारेपणा जिभेवर ठरवायचा नसतो, त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचं दुर्बिणीसारखं छोटं उपकरण मिळतं, ते घ्यावं.

पांढऱ्या ठिपक्याचा हा एक जंतू झाला. त्याच्याहून वाईट आहे तो ॲमिलूडिनियम. त्यात ठिपके दिसतच नाहीत, अंगावर बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते, तीही तिरप्या उजेडात. बरेचदा धूळ दिसण्याआधी कल्लेच बंद पडतात. मासा जोरजोरात श्वास घेतो, पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहतो, आणि दोन-तीन दिवसांत संपतो. याला कमी खारं पाणी चालतं, जास्त खारंही चालतं. इथे तांबंच हवं, तेही लगेच. आणि हा जंतू बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांबरोबर हवेतून काही फूट जाऊ शकतो, म्हणून आजारी माशाची टाकी चांगल्या टाकीला खेटून ठेवायची नाही.

तिसरी जात चपट्या कृमींची. हे पारदर्शक असतात, माशाच्या अंगावर असून दिसत नाहीत. डोळा धुरकट झाला, मासा अंग घासतोय पण ठिपका नाही, तर हे असण्याचा संभव. त्यांना गोड्या पाण्याची आंघोळ. बादलीत गोडं पाणी घ्यायचं, तापमान टाकीइतकं करायचं, हवा सोडायची आणि मासा पाच मिनिटं त्यात ठेवायचा. कृमी पांढरे पडून बादलीच्या तळाशी गळतात, तांदळाच्या कण्यांसारखे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, एवढ्याशा माशावर एवढे होते! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढून टाकायला हवं. माझ्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी आहे, ते किंचित आम्लधर्मी, म्हणून त्यात चिमूटभर खायचा सोडा घालतो. पण त्यांची अंडी जाळीला, दगडाला दोऱ्यांनी अडकून राहतात आणि ती आंघोळीनं मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं परत बघायचं. यांच्यावर प्राझिक्वांटेल नावाचं औषध चांगलं लागू पडतं, माणसांच्या कृमींवरही तेच देतात.

तर हे सगळं टाळायचा मार्ग म्हणजे नवा मासा वेगळा ठेवणं. २००६ साली मी हे लोकांना सांगायचो तेव्हा लोक हसायचे. २०२० नंतर सांगावं लागत नाही. त्या वर्षी मे-जूनमध्ये मुंबईहून आलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत चौदा-चौदा दिवस राहिले, गणपतीला येणाऱ्यांसाठी ते दिवस कमी केले. आमच्या वाडीतल्या शाळेच्या खिडकीतून एक जण रोज ओरडायचा, "अरे, मला काही झालेलं नाही, घरी सोडा!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण लक्षण नसणं आणि रोग नसणं यांत जे अंतर आहे, तेवढेच दिवस माणसाला थांबवतात. तेव्हा ते चौदा होते. माशांसाठी मी चार ते सहा आठवडे म्हणतो, कारण दिवस किती हे पंचांगात नसतं, ते जंतूच्या चक्रावरून काढायचं असतं.

वेगळं ठेवायला महागडी टाकी लागत नाही. चाळीस-पन्नास लिटरचा टब, एक एअर पंप, स्पंजचा फिल्टर, आणि माशाला लपायला नळकामवाल्याकडचे पीव्हीसीचे दोन-तीन वाकडे तुकडे. वाळू नको, दगड नको. झाकण हवं, घाबरलेला मासा उडी मारतो. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं, मी त्यांना लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवला आहे. हात आधी मोठ्या टाकीत, नंतर टबात, उलटं कधी नाही. आणि वीज जाते हे गृहीत धरून बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या, आपल्याकडे आषाढात ती हमखास जाते.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. टबात ठेवलेले मासे रोगापेक्षा अमोनियानं जास्त मरतात. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, जुन्या टाकीत तो पचवणारे जिवाणू असतात, नव्या टबात नसतात, आणि खाऱ्या पाण्यात अमोनिया गोड्यापेक्षा जास्त बाधतो. म्हणून स्पंज महिनाभर आधीपासून मुरवून ठेवायचा, खाणं बेतानं घालायचं, आणि सुरुवातीला एक दिवसाआड पाणी बदलायचं. मासा टबात मेला की लोक म्हणतात, क्वारंटाइननं मारला. अनेकदा ते खरंच असतं.

मासे आणायचे कुठून, हेही विचारतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशसारख्या बऱ्याच शोभिवंत माशांची पैदास हॅचरीत करून दाखवली आहे. तसे पैदास केलेले मासे मिळाले तर तेच घ्या. ते टाकीतल्या खाण्याला सरावलेले असतात, समुद्रातून परजीवी घेऊन आलेले नसतात. अर्थात दुकानात दहा जातींच्या शेजारी राहिले की तेही लागण घेऊन येतात, तेव्हा टब चुकत नाही. समुद्रघोडे आणि प्रवाळ मात्र समुद्रातून आणायचे नाहीत. २००१ साली ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणहून कुणी प्रवाळाचा दगड भेट म्हणून आणला तरी घेऊ नका.

सध्या माझ्या पडवीतल्या टबात कातळातले दोन पट्टेवाले आहेत, आज त्यांचा सतरावा दिवस. परवा नातू विचारत होता, "आजोबा, हे तर समोरच्याच समुद्रातले, यांना कशाला कोंडलंत?" मी त्याला सूक्ष्मदर्शक काढून दिला आणि टबाच्या तळाचं पाणी बघायला सांगितलं. अजून तरी त्याला काही सापडलेलं नाही. तो रोज बघतोय. मला आता पाऊस सुरू व्हायच्या आत पांढऱ्या समुद्रावरून दोन पिंपं पाणी भरून आणायचं आहे. एकदा नद्या उतरल्या की चार महिने किनाऱ्याचं पाणी टाकीला घेता येत नाही. भाट्याचं घेऊ नका, ते खाडीचं असतं. मिऱ्याच्या बाजूचं, भरतीचं घ्या, फडक्यानं गाळा आणि झाकून अंधारात ठेवा.